लपलेली लेव्हल: प्रेस्टीज क्लासच्या अटी कशा वाचायच्या

"ताई, आजपासून मी ड्युएलिस्ट!" मामेभाऊ जिना चढता चढताच ओरडला.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या माडीवर रविवारी दुपारी आम्ही पाच जण जमतो. मधे सतरंजी, तिच्यावर चौकटी आखलेला मोठा कागद, कडेला भडंगाचं पातेलं आणि वीस बाजूंचे फासे. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, आणि तोही सध्याचा नव्हे, २००३ सालची ३.५ आवृत्ती. आम्ही तिला नुसतं 'साडेतीन' म्हणतो. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी आणि नियमांचा निवाडा करणारी. बाकीचे चौघं एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतात.

मामेभावाच्या पात्राचं नाव बाजिंदा. सहाव्या लेव्हलचा फायटर. एकवीस हजार अनुभवगुण जमले, सातवी लेव्हल मिळाली, आणि ती त्याला ड्युएलिस्ट, म्हणजे द्वंद्व लढणारा, नावाच्या प्रेस्टीज क्लासमध्ये घ्यायची होती. मी त्याचा कागद हातात घेतला.

"टंबल किती?"

"पाच."

"पाच?"

"म्हणजे साडेचार. पण साडेचार म्हणजे पाचच की गं, ताई."

दिवसभर मी एका करसल्लागाराच्या ऑफिसात लोकांची रिटर्न भरते. साडेचारला पाच म्हणायची मला सवय नाही. अर्ध्या रँकपायी पोराचा ड्युएलिस्ट एक अख्खी लेव्हल पुढं ढकलला गेला, आणि पातेलं रिकामं होईपर्यंत माडीवर हाच वाद चालला. चूक त्याची एकट्याची नव्हती. हे नियम लिहिलेतच असे, की वरवर वाचणारा हमखास फसतो.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. 'प्रेस्टीज क्लास' म्हटल्यावर आमच्या आईला पहिल्यांदा कुकर आठवला आणि मग शिकवणी. इथं क्लास म्हणजे पात्राचा पेशा. फायटर लढतो. रोग म्हणजे आजार नव्हे, तर कुलपं उघडणारा, अंधारात वावरणारा आणि पाठीत वार करणारा गडी. विझार्ड पोथीतून मंत्र शिकतो, क्लेरिक देवाकडून मागून घेतो. साडेतीनच्या मूळ पुस्तकात असे अकरा पेशे आहेत आणि पहिल्या लेव्हलला त्यातला कुठलाही घेता येतो. खेळ १९७४ चा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा. पण आपल्या विषयाला महत्त्वाचं साल २०००. त्या वर्षी आलेल्या तिसऱ्या आवृत्तीनं एक मोकळीक दिली: दर लेव्हलला पेशा नव्यानं निवडा. चार लेव्हल फायटरच्या, तीन रोगच्या, असा सात लेव्हलचा माणूस खुशाल बनवा.

आणि त्याच आवृत्तीनं काही पेशे असे ठेवले, की ते पहिल्या लेव्हलला मिळतच नाहीत. आधी काहीतरी होऊन दाखवा, मग या. ते प्रेस्टीज क्लास. साडेतीनच्या डीएमच्या पुस्तकात असे सोळा आहेत.

आमच्यातल्या एकाच्या घरी ट्रकचा धंदा आहे, मार्केट यार्डातून हळद भरून नेतात. त्यानं हे एका वाक्यात उरकलं. "हेवीचं लायसन हाय हे," म्हणाला. मोटार वाहन कायद्यात तसंच आहे. मालवाहू गाडीचं शिकाऊ लायसन हवं असेल, तर हलक्या गाडीचं लायसन हातात येऊन एक वर्ष झालेलं लागतं. आज कारचं काढलं आणि उद्या दहाचाकी घेऊन निघालो, असं होत नाही.

उपमा फक्कड आहे, पण एका जागी लंगडते. लायसनच्या नियमात 'एक वर्ष' हे शब्द स्पष्ट छापलेले असतात. प्रेस्टीज क्लासच्या अटींत 'अमुक लेव्हल पाहिजे' असं छापलेलं जवळजवळ कधीच नसतं. लेव्हलची अट असते, पण ती दुसऱ्याच आकड्यांच्या पोटात दडवलेली. तो दडवलेला आकडा काढता आला, की बाकीचं सोपं आहे.

स्किलपासून सुरुवात करू, कारण बाजिंदा तिथंच अडकला. स्किल म्हणजे पोहणं, चढणं, लपणं, कोलांट्या मारणं. दर लेव्हलला काही गुण मिळतात, ते खर्चून तुम्ही स्किलच्या रँक विकत घेता. जे स्किल तुमच्या पेशाचं, त्यात एका गुणाला एक रँक, आणि कमाल रँक म्हणजे लेव्हल अधिक तीन. जे पेशाचं नाही, त्यात एका गुणाला अर्धी रँक, आणि कमाल मर्यादा बरोबर निम्मी.

आता असॅसिनची, म्हणजे मारेकऱ्याची, अट वाचा: लपण्यात ८ रँक. लेव्हलचा उल्लेख नाही. पण आठातून तीन वजा करा. पाच. म्हणजे ज्याचं हे पेशाचं स्किल आहे, त्याला पाचव्या लेव्हलआधी आठ रँक मिळूच शकत नाहीत, आणि असॅसिनची पहिली लेव्हल लवकरात लवकर सहावी. शॅडोडान्सरला, म्हणजे सावल्यांत वावरणाऱ्याला, लपण्याच्या १० रँक लागतात, म्हणजे सातवी लेव्हल पुरी करून आठवीला प्रवेश. डोक्यात एवढंच ठेवा: रँकमधून तीन वजा करा, तेवढ्या लेव्हल आधी जगायच्या आहेत.

फायटरला हे गणित महाग पडतं. टंबल, म्हणजे कोलांट्या, फायटरच्या पेशात बसत नाही. सहाव्या लेव्हलला त्याची मर्यादा सहा अधिक तीन, भागिले दोन. साडेचार. ड्युएलिस्टला पाच हव्यात. बाजिंद्यानं कितीही गुण ओतले असते, तरी सातव्या लेव्हलआधी त्याला पाचवी रँक विकत मिळालीच नसती. दुकानात मालच नव्हता, मग खिशात पैसे असून काय उपयोग?

इथं आणखी एक खड्डा आहे आणि त्यात नवा माणूस पडतोच पडतो. रँक वेगळी आणि फाशात मिळवायची बेरीज वेगळी. तुमच्या पात्राची चपळाई चांगली, पायात एल्फांचे जादूचे बूट, त्यांनी बिनआवाज चालण्यावर +५ मिळतो, सगळं मिळून बेरीज +१२ झाली. छान आहे, फासा टाकताना मिळवा. पण अट रँकची असते तेव्हा बूट दारात काढून ठेवायचे. स्वतः गुण खर्चून जे घेतलं, तेवढंच धरतात.

दुसरा दडवलेला आकडा बेस अटॅक बोनसचा. मारामारीतला मुरलेपणा म्हणा. फायटरला तो दर लेव्हलला एकानं वाढतो. रोग आणि क्लेरिक यांना चार लेव्हलमागे तीन. विझार्डला दोनमागे एक. ड्युएलिस्ट आणि आर्केन आर्चर, म्हणजे जादूचा तिरंदाज, दोघंही +६ मागतात. ते +६ फायटरला सहाव्या लेव्हलला येतं, रोगला आठव्या, आणि विझार्डला थेट बाराव्या. छापलेली अट एकच, पण एकाला सहा जिने आणि दुसऱ्याला बारा.

पेशांची सरमिसळ करणाऱ्यांनी इथं जपून. दर पेशाचा बोनस वेगळा काढून मग बेरीज करतात, आणि रोग, क्लेरिक, बार्ड (म्हणजे गाणारा भाट) या सगळ्यांची पहिली लेव्हल +० नं सुरू होते. तिघांचीही एकेक लेव्हल चाखली, तर तीन लेव्हलचा माणूस आणि मारामारीत भोपळा.

तिसरा प्रकार मंत्रांचा. एल्ड्रिच नाइटला, म्हणजे मंत्र टाकणाऱ्या योद्ध्याला, तिसऱ्या पायरीचे मंत्र आणि सगळी लढाऊ शस्त्रं चालवता येणं, एवढंच लागतं. विझार्डला तिसरी पायरी पाचव्या लेव्हलला मिळते, शस्त्रांसाठी फायटरची एक लेव्हल पुरते, झाल्या सहा. सातवीला दार उघडलं. मिस्टिक थिअर्ज दोन्हीकडचं मागतो, पोथीचे दुसऱ्या पायरीचे मंत्र आणि देवाचेही दुसऱ्या पायरीचे. विझार्ड तीन, क्लेरिक तीन. पुन्हा सहा, पुन्हा सातवीला दार. मात्र इथं दाराबाहेरच्या रांगेची किंमत मोजून घ्या. सरळ विझार्ड राहिलेला मित्र पाचव्या लेव्हलला आगीचा गोळा फेकतो. थिअर्जच्या वाटेनं गेलेल्याच्या हातात तो गोळा आठव्या लेव्हलला येतो. तोवर तीन लेव्हल त्यानं दुसऱ्याच्या गोळ्यांचा उजेड बघायचा. पुढे दोन्हीकडचे मंत्र एकदम वाढत जातात हे खरं, पण आमच्या रविवारच्या खेळात आठवी लेव्हल यायला वर्ष जातं.

फीट म्हणजे पात्राला येणारे डाव. पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या, नवव्या अशा लेव्हलला एकेक मिळतो, माणूस जातीला सुरुवातीला एक जादा, फायटरला त्याचे वेगळे. अटींमध्ये दोन-तीन ठरावीक फीट मागतात आणि त्यातला एखादा निव्वळ टोल असतो. ड्वार्व्हन डिफेंडर 'टफनेस' मागतो. त्यानं जन्मात एकदा तीन हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, वाढतात, संपलं. सातारकरांना हे वेगळं सांगायला नको. पुण्याहून कराडला जायचं म्हटलं की आनेवाडी आहे, तासवडे आहे. टोल भरायचा आणि पुढं निघायचं.

आता पुन्हा बाजिंद्याकडे, कारण चूक दुरुस्त कशी करायची हे त्याच्यावरच नीट कळतं.

एक नियम आधी पक्का करा. लेव्हल चढताना पहिल्यांदा पेशा निवडायचा आणि मग त्यातून येणारा बोनस, स्किलचे गुण, फीट घ्यायचे. म्हणजे सातवी लेव्हल ड्युएलिस्टची हवी असेल, तर सगळ्या अटी सहावीच्या अखेरीस पुऱ्या झालेल्या हव्यात. सातवीत मिळणाऱ्या गुणांनी सातवीचं तिकीट काढता येत नाही. मामेभावाचा दुसरा युक्तिवाद हाच होता, "आता मिळतील त्या गुणांतली अर्धी रँक धर की." नाही धरता येत.

ड्युएलिस्टच्या अटी एकूण सहा: बेस अटॅक +६, परफॉर्मच्या ३ रँक, टंबलच्या ५, आणि डॉज, मोबिलिटी, वेपन फिनेस हे तीन फीट. टंबल सोडून बाकी पाचही अटी त्याच्या पुऱ्या होत्या. सातवी लेव्हल घ्यायला दोन रस्ते. पहिला, पुन्हा फायटर. बोनस +७ होतो, मर्यादा पाचावर येते, अर्धी रँक भरायची, आठवीला ड्युएलिस्ट. दुसरा, सातवी लेव्हल रोगची. रोगची पहिली लेव्हल +० देते, बोनस +६ वरच राहतो, पण तेवढा पुरतो. टंबल आता पेशाचं स्किल झालं, मर्यादा एकदम दहावर गेली, फायटरला चार गुण मिळायचे तिथं त्याला दहा मिळाले, आणि बेसावध शत्रूवर एक फासा जादा वार. आठवीला ड्युएलिस्ट, तेही तेवढ्याच वेळात.

त्यानं दुसरा रस्ता धरला. टंबल साडेपाच झालं. ते साडे काही सुटलं नाही.

पण गंमत पुढं आहे. रात्री झोपण्याआधी मी हिशोब पुन्हा मांडला. हाच बाजिंदा पहिल्या लेव्हलला रोग असता तर? पहिल्या लेव्हलला स्किलचे गुण चौपट मिळतात. ताकद, चपळाई, बुद्धी असे पात्राचे सहा अंगभूत गुण असतात, त्यातली त्याची बुद्धी १२, जात माणूस. फायटर म्हणून जन्मला तर १६ गुण, रोग म्हणून जन्मला तर ४०. मग सहा लेव्हल फायटर, सातवीच्या अखेरीस +६, आणि ड्युएलिस्ट आठवीलाच. रोग दोन-फायटर पाच केलं तरी सातवीला +६. तीन-चार केलं तरी तेच, चार-तीन केलं तरी तेच. चारी वाटा आठव्याच लेव्हलला पोचतात, फक्त वाटेत काय काय गोळा झालं ते वेगळं. निव्वळ फायटरची वाटही आठवीलाच, पण ती सगळ्यात कोरडी.

म्हणून मी आता कुणालाही पहिल्या दिवशीच सांगते, मुहूर्त धरून मागं मोजा. लग्नाची तारीख ठरली की पत्रिका कधी छापायच्या, बस्ता कधी बांधायचा, आचारी कधी सांगायचा हे आपण उलटीकडून ठरवतो. तसं कागदाच्या तळाशी '८: ड्युएलिस्ट' लिहा आणि वर वर सरकत या. आधी तीन वजा करून रँकची लेव्हल काढा, मग बोनसची, मग फीट कुठल्या लेव्हलला बसतात ते बघा. या तिन्हीतल्या सर्वात मोठ्या आकड्याच्या पुढची लेव्हल हा तुमचा खरा दरवाजा. बाकीच्या अटी तोवर निवांत भरता येतात.

आणि एक अट तर छापलेलीच नसते. ड्युएलिस्ट झाल्यावर मिळणारा पहिला फायदा असा, की अंगात चिलखत आणि हातात ढाल नसेल तर बुद्धीचा बोनस बचावात मिळवता येतो, दर ड्युएलिस्ट लेव्हलमागे एक. म्हणजे ह्या पेशाचं सगळं तेज बुद्धीवर आहे. प्रवेशाच्या अटीत बुद्धीचं नावही नाही. बाजिंद्याची बुद्धी १२, बोनस १. शिवाय त्यानं दोन महिने काटकसर करून १,५०० सोन्याच्या नाण्यांचं पूर्ण पोलादी चिलखत नुकतंच घेतलेलं. अटी पुऱ्या करण्याच्या नादात आत गेल्यावर काय मिळणार आहे हे त्यानं वाचलंच नव्हतं. आमच्या ऑफिसात असे लोक रोज येतात. सवलतीला पात्र ठरायची सगळी धडपड करतात आणि शेवटी कळतं, की सवलतीत हाती यायचे चारशे रुपये.

आता आकड्यांच्या पलीकडच्या अटी. माझ्या मते प्रेस्टीज क्लासचा जीव यांच्यातच आहे, आणि बहुतेक टेबलांवर याच अटी कुणी गांभीर्यानं घेत नाही.

हे सोळा पेशे खेळाडूंच्या पुस्तकात नव्हते, डीएमच्या पुस्तकात होते. ऐच्छिक म्हणून. त्या त्या डीएमनं आपल्या जगातल्या संघटना, पंथ, घराणी यांच्याप्रमाणे ते बेतावेत, नवे घडवावेत, हा हेतू. नंतर पुस्तकांमागून पुस्तकं आली, त्यात प्रेस्टीज क्लासचे ढीग, आणि खेळाडू ते वाणसामानाच्या यादीसारखे निवडायला लागले. त्यामुळे असॅसिनच्या अटीतली शेवटची ओळ लोक भराभर वाचून सोडून देतात. ती ओळ सांगते, की असॅसिनांत सामील होण्याखेरीज दुसरं काहीही कारण नसताना एकाचा जीव घ्यायचा. ब्लॅकगार्डची, म्हणजे दुष्टांच्या बाजूच्या योद्ध्याची, अट याहून थंड आहे. दुसऱ्या जगातल्या एखाद्या सैतानाशी शांतपणे, भांडण न करता, बोलणी केलेली असली पाहिजेत.

आमच्यात शाळेत गणित शिकवणारा एक मित्र आहे. त्याला असॅसिन व्हायचं होतं. हिशोब त्याचा चोख: लपणं ८, बिनआवाज चालणं ८, वेषांतर ४, पाचवी लेव्हल पुरी, अलाइनमेंट, म्हणजे पात्राची चांगली-वाईट वृत्ती, दुष्टाकडे सरकवलेली. उरली ती ओळ. आमच्या गोष्टीतला नदीघाट मी हरिपूरच्या संगमावरून उचलला आहे, वारणा कृष्णेला मिळते तिथला. त्या घाटावर एक म्हातारा नावाडी होता. चार-पाच वेळा त्यानं ह्यांना फुकट पलीकडं सोडलं होतं, एकदा पूर असताना. टोळीच्या म्होरक्यानं नाव दिलं ते त्या नावाड्याचं. का, तर काही कारण नाही. अटच तशी आहे.

गणित मास्तरनं फासा उचलला. हातात घोळवला. मग पातेल्याशेजारी ठेवून दिला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. मी रोगच बरा." आज त्याचं पात्र नवव्या लेव्हलचं आहे, निव्वळ रोग, आणि ती टोळी त्याच्या मागावर आहे. अट पुरी झाली असती तर एवढी गोष्ट मिळाली नसती.

शॅडोडान्सरच्या अटीत नाचाच्या ५ रँक आहेत. पुष्कळ ठिकाणी त्या नुसत्या भरतात, नाच कुठं शिकला हे कुणी विचारत नाही. आमच्या मिरजेच्या मैत्रिणीनं मात्र तिचं पात्र तमाशाच्या फडातून पळालेली पोर म्हणून उभं केलं. दिवट्यांच्या उजेडात नाचणारी. उजेड आला की सावली आलीच, आणि ती सावलीत शिरायला तिथंच शिकली. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात मराठी नाटक उभं केलं, तिथल्या डीएमनं यावर काय हरकत घ्यावी? मी तिला दोन सत्रं आधीच एक जुनी उस्ताद बाई भेटवली. आठवी लेव्हल आली तेव्हा कुणाला आकडे तपासावेसे वाटले नाहीत. मी तपासले, तो भाग वेगळा.

असल्या अटींतून कायदेशीर विनोदही होतात. ड्रॅगन डिसायपल व्हायचं तर तुम्ही ड्रॅगन किंवा अर्धा ड्रॅगन असता कामा नये. आणि त्या पेशाच्या दहाव्या लेव्हलला बक्षीस काय, तर तुम्ही अर्धे ड्रॅगन होता. मग अट मोडली, आता पेशा जातो का? अक्षराला चिकटून बसलं तर माणूस शिखरावर पाय ठेवताक्षणी खाली पडतो. शहाणा डीएम असल्या प्रश्नाला हसतो आणि पुढचा राक्षस काढतो.

'आधी हे, मग ते' ही कल्पना तिसऱ्या आवृत्तीनं शोधली असं मात्र नाही. याच खेळाच्या १९७८ च्या पुस्तकात बार्ड व्हायला आधी फायटर म्हणून पाचवी लेव्हल, मग चोर म्हणून पाचवी, आणि त्यानंतर द्रुइडांकडे, म्हणजे निसर्गाच्या पुजाऱ्यांकडे, शिक्षण, अशी वारी होती. शिवाय सहा अंगभूत गुणांपैकी चार पंधरा किंवा त्याहून वर. सहा बाजूंच्या तीन फाशांवर पंधरा किंवा जास्त पडायची शक्यता २१६ पैकी २०. चार वेळा. १९८४ च्या कम्पॅनियन संचात नवव्या लेव्हलचा फायटर पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, होऊ शकायचा.

नंतर हवा बदलली. साडेतीनवरूनच बेतलेल्या २००९ च्या पाथफाइंडर या खेळानं रँकची मर्यादा सरळ लेव्हलएवढी केली. त्यामुळे तिथं तीन वजा करायचे नाहीत, असॅसिनच्या आठ रँक तिथं पाचच आहेत आणि पाच म्हणजे पाचवी लेव्हल. माझ्या मते ही सगळ्यात प्रामाणिक दुरुस्ती. दडवलेला आकडा त्यांनी उघड्यावर आणला. दोन पुस्तकांचे नियम एकत्र करून बसलात तर मात्र इथंच हात भाजतो. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत अकराव्या लेव्हलला सगळ्यांनाच पुढचा मार्ग निवडायला मिळायचा. २०१४ च्या पाचवीनं मूळ नियमांतून प्रेस्टीज क्लास काढूनच टाकले. आता पेशाच्या आत उपपेशा असतो, २०२४ च्या नियमांत तो सगळ्यांना तिसऱ्या लेव्हलला मिळतो, आणि दुसरा पेशा जोडायचा तर ठरावीक अंगभूत गुण तेरा असले की झालं. नव्या पोरांना शिकवायला हे सोपं पडतं. आमच्याकडे कुणी पहिल्यांदा आलं तर मीही पाचवीच उघडते. पण आठ महिने एकाच दाराकडे बघत चालायची जी चटक साडेतीननं लावली, ती तिथं लागत नाही.

साडेतीनच्या मूळ नियमांचा बराचसा मजकूर खुल्या परवान्याखाली फुकट वाचायला मिळतो. त्यात सोळांपैकी रेड विझार्ड सापडणार नाही, तो प्रकाशकांनी राखून ठेवला. बाकी पंधरा मोबाइलवर वाचता येतात.

परवाच्या रविवारी बाजिंदा आठवीला पोचला आणि ड्युएलिस्ट झाला. चिलखत अंगातून उतरवून विकायला काढलं. नियमानं अर्धी किंमत, ७५० नाणी. मामेभावाला ते पटेना. गावातल्या लोहाराचं पात्र अर्थात मीच करत होते, आणि ट्रकवाला मित्र दलाल म्हणून मधे पडला. बैलबाजारात करतात तसा त्यानं खांद्यावरचा टॉवेल आमच्या दोघांच्या हातांवर टाकला, आणि बोटं धरून भाव सुरू झाला. मामेभावानं टॉवेलाखाली माझी चार बोटं दाबली आणि मग पाचवं अर्धंच.

"हे काय?" मी विचारलं.

"साडेचार," तो म्हणाला. "तू पाच धर."